पडलेली राजवट आणि उरलेली माणसे

आमच्या लहानपणी कॅथोलिक घरांतून संध्याकाळची जपमाळ रशियाच्या परिवर्तनासाठी अर्पण करण्याचा प्रघात होता. फातिमा येथे १९१७ साली तीन मेंढपाळ मुलांना पवित्र मातेचे दर्शन घडले, त्या घटनेशी हा हेतू जोडलेला होता. रशिया नकाशावर कोठे आहे हे ज्यांना ठाऊक नव्हते अशा आजीबाईही त्या देशासाठी नित्यनेमाने गुडघे टेकीत. ९ नोव्हेंबर १९८९ रोजी बर्लिनची भिंत उघडली तेव्हा आम्ही सेमिनरीत होतो. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १ डिसेंबर रोजी, सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह व्हॅटिकनमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांना भेटले. आणि स्टालिनच्या काळी, १९४६ साली, मोडून टाकलेल्या युक्रेनमधील ग्रीक कॅथोलिक ख्रिस्तसभेला त्याच सुमारास पुन्हा उघडपणे नोंदणी करण्याची मुभा मिळाली. चार दशकांहून अधिक काळ चोरून मिस्सा अर्पण करणारे धर्मगुरू दिवसाउजेडी रस्त्यावर आले. आजीबाईंची प्रार्थना ऐकली गेली, असे त्या दिवसांत कोणाला वाटले नसेल?

तरीही त्याच वर्षीचा एक कागद आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. भिंत पडण्याच्या दहा महिने आधी, १ जानेवारी १९८९ च्या जागतिक शांतिदिनासाठी, पोप महोदयांनी जो संदेश दिला त्याचा विषय साम्यवाद नव्हता. अल्पसंख्याकांविषयीचा आदर हा होता. शांतता उभारायची तर देशातील लहान समूहांची कदर करा, असे त्यांचे सांगणे होते. पोलंडमध्ये वाढलेल्या त्या माणसाला आपल्या भागाचा इतिहास पाठ होता. जुलमी राजवट सर्वांनाच दाबून ठेवते, आणि दाबलेल्या अवस्थेत शेजारी एकमेकांशी भांडू शकत नाहीत. झाकण उडाले की मग घरातील हिशेब निघतात.

ते निघालेच. रुमानियात हुकूमशहा चाउशेस्कू यांच्याविरुद्धच्या उठावाची ठिणगी डिसेंबर १९८९ मध्ये तिमिश्वारा या शहरात पडली. निमित्त होते लास्लो तोकेश या हंगेरियनभाषक प्रोटेस्टंट पाळकाला घराबाहेर काढण्याचे. त्याच्या दारापुढे हंगेरियन आणि रुमानियन माणसे हातात हात घालून उभी राहिली, हे दृश्य जगाने कौतुकाने ऐकले. पुढे तीनच महिन्यांनी, मार्च १९९० मध्ये, तिर्गु मुरेश या गावात तेच दोन समाज लाठ्याकाठ्या घेऊन एकमेकांवर तुटून पडले आणि माणसे मेली. शत्रू समान असला की एकत्र येणे सोपे जाते. शाळा कोणत्या भाषेत चालावी हे ठरविताना ते अवघड होते.

बल्गेरियाची कथा नावांची आहे. नावाचे मोल बाप्तिस्म्याच्या पाण्यात नाव घेणाऱ्या आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको. १९८४ च्या अखेरीस तेथील साम्यवादी सरकारने तुर्की अल्पसंख्याकांची नावे सक्तीने बदलून त्यांना बल्गेरियन नावे देण्याची मोहीम काढली. गावांना पोलिसांचा वेढा पडे आणि ओळखपत्रे नव्या नावाने हाती दिली जात. १९८९ च्या उन्हाळ्यात तीन लाखांहून अधिक माणसे देश सोडून तुर्कस्तानात गेली. राजवट पडल्यावर नावे परत मिळाली खरी. परंतु १९९१ च्या नव्या राज्यघटनेने वंश वा धर्म यांच्या आधारावरील पक्षांना बंदी केली, आणि तुर्कांचा आधार असलेला पक्षच बेकायदा ठरवावा म्हणून दावा लागला. १९९२ साली घटना न्यायालयात बंदीसाठी पुरेशी मते पडली नाहीत म्हणून तो पक्ष वाचला. पुढे तो सरकारांतही बसला. एवढ्या बारीक धाग्यावर शांतता तोलली गेली होती.

बाल्टिक किनाऱ्यावरील लाटव्हियाचे उदाहरण मात्र आम्हांला या सर्वांहून बोलके वाटते, कारण तेथील अल्पसंख्य समाज कालपर्यंत सत्तेच्या बाजूचा मानला जात होता. स्टालिनने १९४० साली हा छोटा देश गिळंकृत केला, हजारोंना सैबेरियात धाडले, आणि पुढील दशकांत तेथे रशियन कामगार व अधिकारी मोठ्या संख्येने येऊन राहिले. १९९१ साली स्वातंत्र्य परत आल्यावर लाटव्हियाने ठरविले की १९४० पूर्वी जे नागरिक होते ते आणि त्यांचे वंशज एवढेच आपोआप नागरिक. सुमारे सात लाख माणसे, त्यांतली कित्येक त्याच मातीत जन्मलेली, एका रात्रीत ‘अनागरिक’ झाली. १९९८ साली सार्वमताने नियम सैल झाले, तरी आजही त्या देशात लाखाहून अधिक माणसे तसल्या पासपोर्टवर राहतात. शेजारच्या लिथुआनियाने १९८९ सालीच वेगळा मार्ग धरला होता: देशात कायम राहणाऱ्याला नागरिक व्हायचे असेल तर त्याने तसे सांगावे, पूर्वज कोठले हे विचारणार नाही. लिथुआनियात रशियन दहांत एकही नव्हते, त्यामुळे त्याला औदार्य परवडले, असा आक्षेप घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. पण लाटव्हियन माणसाची भीती समजून घेतली तरी, लहान मुलाने आजोबांच्या बंदुकीचा हिशेब का द्यावा, हा प्रश्न उरतोच.

वाचकहो, पोशीरसारख्या कर्जत तालुक्यातील गावी बसून दूरच्या युरोपच्या या गोष्टी आम्ही का उगाळतो आहोत, असे आपणांस वाटेल. कारण हाच प्रश्न आपल्या अगदी दाराशी एकदा उभा राहिला होता, आणि आपल्याच धर्मबांधवांविषयी उभा राहिला होता. पूर्व युरोपातील राजवटी पडण्याच्या अठ्ठावीस वर्षे आधी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोव्यातील पोर्तुगीज सत्ता संपली. तेथेही एक हुकूमशाही पडली होती. तेथेही कालच्या सत्तेशी जवळीक असल्याचा ठपका एका अल्पसंख्य समाजावर होता. तो समाज कॅथोलिकांचा होता.

पोर्तुगालचे सालाझार साम्यवादाचे कट्टर वैरी. म्हणून कित्येक भाविकांना त्यांच्या राजवटीत काही वावगे असू शकते हेच मान्य होत नसे. परंतु पक्षांना बंदी, वर्तमानपत्रांवर कात्री, गुप्त पोलिसांचा पहारा या बाबतींत त्या राजवटीचा आणि मॉस्कोच्या राजवटीचा शिरस्ता फारसा निराळा नव्हता. गोव्यात तर लग्नपत्रिका छापायची तरी मजकूर आधी तपासून घ्यावा लागे, असे त्या काळची माणसे सांगत. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया यांनी सभाबंदी मोडली, तेव्हा त्यांना गोव्यात बोलावून घेणारे त्यांचे स्नेही डॉ. जुलियांव मिनेझिस कॅथोलिक घरातील होते. त्याच वर्षी पकडले जाऊन पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात कैदेत पडलेले त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा हेही तसेच. गोव्याच्या राष्ट्रवादाचे जनक म्हणून त्यांनाच मान दिला जातो. तेव्हा ‘कॅथोलिक म्हणजे पोर्तुगिजांचे हस्तक’ हे म्हणणे खोटे होते, हे आधी स्वच्छ सांगितले पाहिजे.

आणि तेवढेच सांगून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. सोळाव्या शतकात जुन्या काबिजादींतील देवळे पाडली गेली. इन्क्विझिशनचे न्यायासन गोव्यात १५६० साली बसले आणि मधली काही वर्षे वगळता १८१२ पर्यंत चालले. त्याचा जाच हिंदूंइतकाच नवख्रिस्ती लोकांनाही झाला. १६८४ च्या फर्मानाने लोकांच्या तोंडची कोकणी भाषा मोडून काढण्याचा घाट घातला. हिंदूंना राज्यात बरोबरीचे स्थान मिळण्यासाठी पोर्तुगालात १९१० साली प्रजासत्ताक यावे लागले. या साऱ्यात क्रूस पुढे धरलेला होता. गोव्यातील बहुजन हिंदू समाजाला १९६१ नंतर महाराष्ट्राकडे ओढ वाटली यात नवल ते काय? देवळातले कीर्तन, पोथी, नाटक आणि पुढे गावची शाळा, त्याचे सारे मराठीत होते. मराठी ही त्याला आपल्या उन्नतीची वाट वाटत होती. तिला नुसता महाराष्ट्राचा विस्तारवाद म्हणून उडवून लावणारे लेखन आमच्या समाजात पुष्कळ झाले. ते वाचताना आम्हांला कधी समाधान वाटले नाही.

आता भारताने काय केले ते पाहावे. २८ मार्च १९६२ रोजी केंद्र सरकारने गोवा, दमण व दीवच्या नागरिकत्वाचा आदेश काढला. २० डिसेंबर १९६१ पूर्वी ज्याचा, किंवा ज्याच्या आईबापांपैकी वा आजीआजोबांपैकी एकाचा जन्म त्या प्रदेशात झाला असेल तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक समजला जाईल. ज्याला पूर्वीचेच नागरिकत्व ठेवायचे असेल त्याने महिन्याभरात तसे लिहून द्यावे. धर्म कोणता, पोर्तुगीज दरबारी नोकरी केली का, घरात कोणती भाषा बोलता, यांतले काही विचारलेले नव्हते. लाटव्हियाचा निर्णय डोळ्यांपुढे ठेवून हा आदेश वाचला म्हणजे त्याची थोरवी कळते. तो काढणाऱ्यांना त्याचे अप्रूप वाटले असेल असे नाही. १९५० च्या राज्यघटनेचे ते साधे उपयोजन होते. पंचविसाव्या ते तिसाव्या अनुच्छेदांत धर्मस्वातंत्र्य आणि अल्पसंख्याकांच्या भाषा, लिपी व शाळा यांची हमी आधीच लिहिलेली होती. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिताही चालू ठेवण्यात आली, आणि ती सर्व धर्मांच्या लोकांना आजतागायत लागू आहे.

परंतु नागरिकत्व मिळाले म्हणून प्रश्न सुटला नाही. मताधिकार हाती येताच संख्येचा प्रश्न पुढे आला. डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत स्वातंत्र्याच्या चळवळीचा वारसा सांगणाऱ्या काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा असे म्हणणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. विरोधात डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष १२ आमदारांसह बसला. त्याचा मुख्य आधार कॅथोलिक मतदार होता. १९६५ च्या जानेवारीत गोवा विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव संमत केला, आणि लवकरच मुंबईत महाराष्ट्र विधानसभेनेही तसाच ठराव केला.

लोकशाहीची सरळ वजाबाकी केली तर गोष्ट येथेच संपायला हवी होती. निवडून आलेल्या सभागृहाचे बहुमत होते, तेही विलीनीकरण हाच मुद्दा मांडून मिळविलेले. युनायटेड गोवन्सचे म्हणणे असे की कारभार चालविण्यासाठी दिलेले मत आणि भूमीचे अस्तित्वच मिटविण्यासाठी दिलेले मत यांत अंतर आहे. पाच वर्षांनी सरकार बदलता येते, पण एकदा विलीन झालेला गोवा परत काढता येणार नाही. म्हणून हा एकच प्रश्न, दुसरे काहीही त्यात न मिसळता, थेट लोकांना विचारावा. काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांनीही दिल्लीत हाच आग्रह धरला. पंडित नेहरूंनी गोव्याचे वेगळेपण जपण्याचा शब्द दिलेला होता. तो इंदिरा गांधींच्या काळात फळाला आला. डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. स्वतंत्र भारतात एखाद्या प्रदेशाच्या विलीनीकरणाचा प्रश्न असा कायदा करून लोकांपुढे ठेवल्याचे दुसरे उदाहरण शोधावेच लागेल.

कौल निर्भेळ व्हावा म्हणून आणखी एक गोष्ट घडली, ती फारशी सांगितली जात नाही. मतदान चालू असताना मुख्यमंत्र्याच्या खुर्चीत एका बाजूचा पुढारी बसलेला असू नये, अशी विरोधकांची मागणी होती. ३ डिसेंबर १९६६ रोजी बांदोडकर मंत्रिमंडळ पायउतार झाले आणि राष्ट्रपती राजवट आली. विरोधकांची दुसरी मागणी मात्र फेटाळली गेली: मुंबईच्या कुडांतून, आफ्रिकेत वा आखाती देशांत राहणाऱ्या गोवेकरांना मत मिळाले नाही. त्यांत कॅथोलिक मोठ्या संख्येने होते. डाव पूर्ण त्यांच्या मनासारखा मांडलेला नव्हता; तरी त्यांनी तो खेळायचे ठरविले, बहिष्कार घातला नाही.

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याने मत दिले. मतपत्रिकेवर दोन चिन्हे होती, विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित प्रदेश राहण्यासाठी दोन पाने. ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मतदान केले, म्हणजे शंभरात जवळजवळ ब्याऐंशी. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली आणि फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा.

या आकड्यांपाशी थोडे थांबावेसे वाटते. त्या वेळी गोव्यात ख्रिस्ती लोकसंख्या एक तृतीयांशाहून थोडी अधिक होती. दोन पानांना मिळाली ती मते शंभरात चौपन्न. म्हणजे एकूणएक कॅथोलिकाने दोन पानांवर शिक्का मारला असे धरले तरी निकाल लागत नाही. हिंदू गोवेकरांतील मोठ्या गटाने त्या बाजूला मत दिल्याखेरीज ही बेरीज जमतच नाही. ‘कॅथोलिकांनी गोवा वाचविला’ अशी फुशारकी आपल्या समारंभांतून आम्ही ऐकली आहे. ती गणिताच्या विरुद्ध आहे. अल्पसंख्याकांना जे हवे होते ते बहुसंख्याकांतील एका भागाला त्यांनी पटवून दिले आणि त्या भागाने ते आपले मानले, म्हणून ते झाले.

पटवून दिले ते कोणत्या भाषेत? हे आपल्यासारख्या मराठीभाषक कॅथोलिकांनी मुद्दाम लक्षात घ्यावे. बऱ्याच अंशी मराठीत! ‘गोमन्तक’ हे मराठी दैनिक विलीनीकरणाची बाजू लढवीत होते, तर मडगावचे ‘राष्ट्रमत’, तेही मराठीच, विलीनीकरणाविरुद्ध उभे राहिले. त्यातील उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर गावोगाव वाचले जाई. रवींद्र केळेकर मराठी उत्तम लिहीत आणि कोकणीसाठी झगडत. उल्हास बुयांव यांची गाणी वाड्यावाड्यांवर पोचली. ही सारी नावे हिंदू घरांतली आहेत. मराठी म्हणजे हिंदू आणि कोकणी म्हणजे ख्रिस्ती, हा पुढे रूढ झालेला हिशेब त्या वर्षीच्या गोव्याला लावून पाहिला तर कोठेच बसत नाही. तो आपल्यालाही बसत नाही. वसईच्या वाड्यांतून, खेड्यापाड्यांच्या धर्मग्रामांतून आपण मराठीत प्रार्थना करतो. आणि आपले फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातच, मराठी भाषेत, पण रोमन लिपीत छापले गेले.

गोव्याच्या कौलाशेजारी दुसरा एक कौल ठेवून पाहावा. युगोस्लाव्हिया फुटत असताना बोस्नियाने २९ फेब्रुवारी आणि १ मार्च १९९२ रोजी स्वातंत्र्याविषयी सार्वमत घेतले. मतदान करणाऱ्यांपैकी जवळजवळ सर्वांनी ‘हो’ म्हटले. पण बोस्नियातील सर्बांनी मतदानावर बहिष्कार टाकला होता. एका संपूर्ण समाजाने ज्या मोजणीत भागच घेतला नाही तिचा निकाल त्याला बांधील कसा वाटावा? एप्रिलमध्ये युद्ध पेटले आणि साडेतीन वर्षांत लाखभर माणसे मेली. त्या युद्धाला कारणे आणखीही होती, बाहेरून पुरविलेली शस्त्रेही होती. सारा दोष मतपेटीवर ढकलणे बरोबर नाही. परंतु पेटी तीच असून एके ठिकाणी ती भांडण मिटविते आणि दुसऱ्या ठिकाणी भांडणाची तारीख ठरवून देते, हा फरक समजून घेण्यासारखा आहे. गोव्यात दोन्ही बाजूंनी आधी नियम मान्य केले होते, कुरकुरत का होईना.

हरलेल्यांचे वर्तनही तितकेच मोलाचे. दोन महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच गोवेकरांनी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला पुन्हा निवडून दिले. बांदोडकर परत मुख्यमंत्री झाले आणि १९७३ साली निधन होईपर्यंत त्या पदावर राहिले. विलीनीकरण नको म्हणणाऱ्या अनेकांना शाळा आणि कुळांचे हक्क देणारे बांदोडकर हवे होते! ज्यांचे स्वप्न लोकांनी नाकारले त्यांनी त्याच लोकांची सेवा पत्करली, आणि जिंकलेले सिक्वेरा विरोधी बाकांवर जाऊन बसले. अल्पसंख्य समाजाने एक प्रश्न जिंकला आणि सत्ता गमावली, तरी आभाळ कोसळले नाही. आमच्या मते गोव्याच्या लोकशाहीचा खरा जन्म या मार्च महिन्यातला.

पुढचा प्रवास इतका स्वच्छ नाही. साहित्य अकादमीने १९७५ साली कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. राजभाषेसाठी झालेल्या आंदोलनात १९८६ च्या अखेरीस माणसे प्राणांस मुकली, आणि त्या दिवसांत दोन्ही समाजांत जे विष कालवले गेले ते जनमत कौलाच्या वेळीही नव्हते. १९८७ च्या फेब्रुवारीत राजभाषा कायदा झाला, ३० मे रोजी गोवा राज्य झाले, १९९२ साली कोकणी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. पण कायद्याने कोकणी म्हणजे देवनागरी लिपीतील कोकणी अशी व्याख्या केली. मराठीलाही सरकारी कामकाजात स्थान ठेवले. ज्या लिपीत पिढ्यान्‌पिढ्या कॅथोलिक गोवेकर आपली प्रार्थनापुस्तके, कादंबऱ्या आणि तियात्राच्या जाहिराती वाचत आले ती रोमन लिपी बाहेर राहिली. जे अल्पसंख्याक भाषेसाठी झगडले, त्यांच्यातलेच थोडे लोक त्या भाषेच्या विजयात मागे पडले. त्यांचे गाऱ्हाणे आजही संपलेले नाही.

पोप जॉन तेविसावे यांनी १९६३ सालच्या ‘पाचेम इन तेरिस’ या परिपत्रकात अल्पसंख्याकांच्या हक्कांचा कैवार घेताना त्यांनाही एक सूचना केली होती: सोसलेल्या हालांमुळे लहान समूह आपले वेगळेपण अवाजवी फुगवून सांगू लागतात, त्यांनी शेजाऱ्यांत मिसळून त्यांच्याकडचे चांगले घ्यावे. आपल्या व्यासपीठांवरून या परिपत्रकाचा पहिला भागच तेवढा ऐकू येतो, अशी आमची तक्रार आहे.

मराठी माणसालाही या प्रकरणाची दुसरी बाजू माहीत आहे, कारण तो बेळगावात तेच भोगतो. १९५६ च्या पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि तेथील मराठीभाषक अल्पसंख्य झाले. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी असावा, ही कलमे त्याच वर्षी राज्यघटनेत आली. त्यांचा आधार बेळगावचा मराठी माणूस आजही शोधतो. १९६७ च्या जानेवारीत गोव्याचा कौल लागला आणि त्याच वर्षी महाजन आयोगाने बेळगाव जेथे आहे तेथेच ठेवण्याची शिफारस केली. बेळगावच्या लोकांना कोणी फूल आणि दोन पाने दिली नाहीत. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. गोव्यात जे संख्येची भाषा बोलत होते तेच बेळगावात हक्कांची भाषा बोलत होते, आणि त्या काळच्या मराठी वर्तमानपत्रांतून हे दोन्ही सूर एकाच वेळी उमटत होते.

आम्ही राहतो त्या कर्जत तालुक्यातही संख्येचे गणित आता नव्याने मांडले जात आहे. येथे ख्रिस्ती माणसे थोडी. पण खरे अल्पसंख्य आम्ही नव्हेत, ते कातकरी. महाराष्ट्रातील विशेष दुर्बल म्हणून गणल्या गेलेल्या तीन आदिवासी जमातींपैकी ही एक. यांची वाडी पुष्कळदा दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसलेली असते; घर आपले असते, खालची माती नसते. भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याला याच डोंगररानांनी आसरा दिला होता, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या पायथ्याशी ते आणि हिराजी पाटील गोळीबारात हुतात्मे झाले. २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने पोशीर नदीवरील धरणाला मंजुरी दिली. पाणी मुंबई महानगर प्रदेशाच्या लाखो लोकांना पिण्यासाठी हवे आहे, आणि त्यासाठी येथील काही गावे व वाड्या पाण्याखाली जातील. तहानलेल्या लाखोंची गरज खोटी नाही. महानगरात राहणारी आमचीच भाचरे ते पाणी पिणार आहेत. येथे मतदान घेतले तर निकाल काय लागेल हे सांगायला ज्योतिषी नको. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने मात्र बाधितांच्या व्याख्येत जमीनमालकाबरोबर त्या जमिनीवर पोट भरणारा भूमिहीन मजूर आणि वनावर जगणारा आदिवासी यांनाही धरले आहे. सातबाऱ्यावर ज्याचे नाव नाही अशा माणसाचे नाव त्या यादीत आले की नाही, हे गावच्या ग्रामसभेत कोणीतरी उभे राहून विचारावे लागेल. आमच्या धर्मग्रामातील शिकलेल्या तरुणांनी त्या सभेला जावे, असे आम्ही गेल्या काही रविवारी मिस्सेनंतर सांगत आहोत.